डावं पान

पोस्टमनने एकाच वेळी दोन गोष्टी हातात दिल्या. एक मुंबईहून आलेलं जाड पाकीट आणि दुसरं कुहीहून आलेलं बहिणीचं पोस्टकार्ड. पाकिटात काय आहे ते मला ठाऊक होतं. माझ्या ‘माग’ या कथेची प्रुफं. वयाच्या चाळिशीत एका बऱ्या दिवाळी अंकात माझी पहिली कथा छापली जाणार होती. चार दिवस या पाकिटाची वाट पाहत मी प्रतापनगरच्या दोन खोल्यांत येरझारा घालून बायकोचं, पुष्पलतेचं डोकं खाल्लं होतं. म्हणून कार्ड आधी वाचून बाजूला टाकावं आणि मग निवांत प्रुफांकडे वळावं, असं ठरवलं. आधी कडू, मग गोड. बहिणीच्या कार्डात कडू असं काही नसायचंच. धानाची रोवणी आटोपली, गाय व्याली, मुलांना आशीर्वाद. कार्ड वाचलं. रोवणी आटोपली होतीच. पुढे लिहिलं होतं, ‘भीमाबाईचा मुलगा पत्र लिहून देत होता तो नोकरीवर गेला म्हणून आता मीच लिहिते. अक्षर खराब आहे, सांभाळून घे.’ अक्षर खराब होतंच. प्रत्येक अक्षर वेगळं, शेजारच्याशी भांडण असल्यासारखं सुटं उभं, शिरोरेघ मागाहून एकदम ओढलेली आणि ओळीच्या शेवटी खाली घसरलेली. मी ते अक्षर ओळखलं. बहिणीचं म्हणून नाही, कारण बहिणीचं अक्षर मी जन्मात पाहिलं नव्हतं. ते दुसरीकडे पाहिलं होतं, आणि त्याला हसलो होतो. पुष्पलता आतून म्हणाली, “काय लिहिलं बाईनं? बरं आहे ना सगळं?” मी म्हणालो, “बरं आहे.” प्रुफांचं पाकीट तसंच हातात राहिलं.

कोराडीला वीज केंद्रात लागलो तेव्हा मी एक निरुपद्रवी कारकून होतो. टाइम ऑफिसात बसून कोण किती वाजता आला ते लिहायचं. खिडकीच्या गजावर रोज राखेचा थर बसे, तो पुसायचा, संध्याकाळी पुन्हा बसे. बुद्धी गंजायला याहून चांगली जागा नव्हती. तिथे आनंदराव भेटला. तो बॉयलरकडे होता, माझ्याच वयाचा, इंदोरा वस्तीतला. छप्पन साली बापाच्या खांद्याला खांदा लावून दीक्षा घेतलेला, चौदा वर्षांचा असताना. त्याच्या डोक्यातून फिरत्या वहीची कल्पना निघाली. आम्ही सातजण होतो, सातही जणांना लिहायची खाज आणि सातांपैकी एकालाही कोणी छापत नव्हतं. आनंदराव म्हणाला, “छापत नाही तं नाही छापत. आपणच लिहू, आपणच वाचू. कोणाच्या बापाची परवानगी लागते गा?” दोनशे पानी जाड वही आणली. एकेकाकडे चार दिवस. उजव्या पानावर कथा लिहायची. डावं पान कोरं सोडायचं, तिथे वाचणाऱ्याला जे वाटेल ते त्यानं लिहायचं. टोपणनावं घ्यायची, म्हणजे साहेब आणि फिटर हा भेद उरत नाही. वही वर्तमानपत्रात गुंडाळून स्टाफच्या बसमध्ये या सीटवरून त्या सीटवर जायची, आणि अठ्ठावीस दिवसांनी फिरून घरी यायची. पहिल्याच पानावर आनंदरावनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘ज्याला जे वाटेल ते त्यानं डावीकडे लिहावं. कोणाचं तोंड धरू नये.’ त्याचं त्या डाव्या पानावर फार प्रेम होतं. तो म्हणायचा, “उजवं पान तं सगळेच लिहितात. आपल्या लोकायले हजार वर्षं डावं पान भेटलं नाही.” आम्ही माना डोलवायचो. खरं सांगायचं तर वही घरी आली की प्रत्येकजण आधी आपल्याच कथेचं डावं पान उघडून कोणी काय कौतुक केलं ते शोधायचा. दुसऱ्यांच्या कथा मग, झोप आली नाही तर.

‘माग’ मी एकोणऐंशीच्या थंडीत लिहिली. ती माझ्या बापाची गोष्ट. आम्ही तांडापेठेतले कोष्टी. घरात खड्डामाग, खड्ड्यात पाय सोडून बाप बसलेला, धोट्याची खटखट पहाटेपासून. कोष्ट्याच्या मागावरून अर्धं कापड कापत नाहीत. एक लुगडं पूर्ण झालं की जुन्या ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, टोकांना नव्या ताण्याची टोकं सांधतात, एकेक धागा, हजारांनी धागे. त्यामुळे माग कधी मोकळा पडत नाही. माझ्या आज्याच्या वेळचा धागा आजच्या धाग्याला सांधलेला असतो, असं म्हणायला हरकत नाही. फणीमागून ताणा कापणं म्हणजे घरातला पेटता दिवा आपल्या हातानं विझवणं. आणि माझ्या बापानं तो कापला. मी मॅट्रिकला होतो त्या वर्षी, फाल्गुनात. दुपारी शाळेतून आलो तर दारात गल्ली जमलेली, मागावर धागे लोंबत होते, अर्धं विणलेलं जांभळं लुगडं खड्ड्यात पडलं होतं. बाप खड्ड्याच्या काठावर बसून म्हणत होता, “मीच कापलं. माह्या हातानं कापलं. जा आपापल्या घरी.” बहीण कौसल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, तोंडातून शब्द नाही. त्यानंतर गल्लीत त्याला येडा धोंडबा म्हणू लागले. कोणी म्हणे दारू, कोणी म्हणे करणी. मी त्या प्रसंगाची कथा केली. खोटं कशाला, चांगली केली. दारुडा, अहंकारी, पॉवरलूमपुढे हरलेला एक बाप, त्यानं रागाच्या झटक्यात आपल्याच पिढ्यांचा ताणा कापला, आणि एक मुकी मुलगी पाहत राहिली. बाप मरून आठ वर्षं झाली होती. नाव बदलायचं सुचलंच नाही. धोंडबा हे नावच इतकं जड आणि खरं होतं की वाक्यात ठेवलं की वाक्य आपोआप खाली बसायचं.

पहिल्या फेरीत वही परत आली तेव्हा माझं डावं पान भरून गेलं होतं. इतकी स्तुती मला कधीच कोणी केली नव्हती. गुलाबचंद म्हणून एक स्टोअरकीपर होता, त्याची कंजुषी जगजाहीर होती, पण त्यानंसुद्धा ‘आपण तर रडलो’ असं लिहिलं होतं. त्या दिवसांत पुष्पलतेच्या बाळंतपणासाठी कौसल्याबाई आमच्याकडे येऊन राहिली होती. लांब पदर, हातात सतत काही ना काही काम. तिला वाचता येतं हे माझ्या कानावर होतं. कुहीला प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला होता, धानाची कामं उरकून बायका कंदिलाखाली पाटी घेऊन बसायच्या, हे तिनं मोठ्या हौसेनं सांगितलं होतं. आम्ही नवराबायको हसून “वा वा” म्हणालो होतो. मी तिला एकदाही काही वाचायला दिलं नाही. वही टेबलावर उघडी पडलेली असे. मी मित्रांपुढे वहीचा नियम समजावून सांगायचो तेव्हा ती पोरगं मांडीवर घेऊन तिथेच बसलेली असे. ती ऐकत असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

पुढच्या फेरीत बसमध्ये एकच हलकल्लोळ. माझ्या कथेच्या डाव्या पानावर, अगदी खालच्या कोपऱ्यात कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘असं झालं नाही. मागावरचं कापड बापानं कापलं नाही.’ सही नाही, टोपणनाव नाही. आमच्यात एक जुना चावटपणा होता, ओळख लपवायची असली की डाव्या हातानं लिहायचं. तेव्हा सगळ्यांनी एकमतानं ठरवलं की आपल्यापैकीच कोणीतरी डाव्या हातानं ही गंमत केली आहे. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला. गुलाबचंदला शेवटपर्यंत वाटत होतं की कथेची चर्चा व्हावी म्हणून मीच लिहिलं. आणि मग त्या दोन ओळींवर सगळे तुटून पडले. एकानं लिहिलं, ‘मग काय उंदरानं कापलं?’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘साक्षीदार हाजिर हो!’ तिसऱ्यानं त्या अक्षराची नक्कल करून खाली दोन ओळी खरडल्या. ‘असं झालं नाही’ हे आमचं परवलीचं वाक्य झालं. बस उशिरा आली की कोणीतरी म्हणायचं, असं झालं नाही. साहेब ओरडला, असं झालं नाही. वर्षभर आम्ही त्यावर हसलो. हसून पोट दुखलं की राखेचा वासही काही वाटत नसे. फक्त आनंदरावनं त्या गर्दीत एक ओळ लिहिली होती, ‘ज्यानं लिहिलं त्यानं पुढे लिहावं. मग काय झालं होतं?’ आम्ही त्यालाही हसलो. आनंदरावला विनोद कळत नाही, असं ठरलं.

वही माझ्याकडे आल्यावर दोन दिवसांनी मी लाल शाईचं पेन काढलं. पानावर पेन्सिलीची आणखी थोडी खरड दिसली, तीही कोणाची तरी नक्कल समजून वाचली नाही. मास्तरांसारखं. कथा माझी, मान माझा, तेव्हा शेवटचा शब्दही माझाच. मी लिहिलं, ‘कथा समजायला नुसती अक्षरं ओळखता येणं पुरत नाही.’ वाक्य जमलं याचा केवढा आनंद झाला! पुष्पलतेला वाचून दाखवलं. कौसल्याबाई मोरीजवळ पोराची लंगोटी पिळत होती. मी मोठ्यानं वाचत होतो, मला आठवतं, दोनदा वाचलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “मी जातो आता ईश्वर. घरी कामं पडली असतील.” महिनाभर आणखी राहायचं ठरलेलं होतं. पुष्पलता म्हणाली, “बाई, काहून जाता एवढ्या लवकर? काही चुकलं का आमचं?” ती म्हणाली, “नाही वं. तुमचं काय चुकते.” मी तिला एस.टी.त बसवून आलो. खिडकीतून तिनं माझ्या गालाला हात लावला, लहानपणी लावायची तसा. मला वाटलं, बायकांचं असंच असतं, निघताना डोळे भरतात.

हे सगळं आता पोस्टकार्ड हातात धरून एका मिनिटात कळलं, आणि कळूनही मी आधी काय केलं? प्रुफांचं पाकीट फाडलं. छापलेलं माझं नाव पाहिलं. ईश्वरदास निमजे. दहा-वीस वेळा पाहिलं. मगच कोराडीची बस धरली. वही आता फिरत नव्हती, दोघं बदलून गेले, एक वारला, गुलाबचंदनं टीव्ही घेतला. ती आनंदरावच्या क्वार्टरमध्ये पेटीत होती. त्यानं काढून दिली. मी खिडकीपाशी नेऊन ते पान उघडलं, शेजारी कार्ड धरलं. ते सुटं सुटं अक्षर, ती घसरलेली शिरोरेघ. आनंदरावच्या प्रश्नाखाली एक जागा खरवडलेली होती, कागद पातळ झालेला. उजेडात तिरपं धरलं तेव्हा पेन्सिलीचे खळगे दिसले. बरंच लिहिलं होतं. चार-पाच ओळी. आणि मग सगळं खोडरबरानं पुसलं होतं. ‘बाबा’ एवढा एकच शब्द लागत होता. बरोबर शेजारी माझी लाल ओळ. आनंदराव म्हणाला, “कोण आहे?” मी म्हणालो, “माझी बहीण.” त्यानं वही माझ्या हातातून घेतली. मग म्हणाला, “तिनं उत्तर लिहिलं होतं म्हणजे. मले. आणि आपण सगळे हसून राहिलो होतो.” त्यानं ‘आपण’ म्हटलं हा त्याचा चांगुलपणा. तो हसला नव्हता.

रविवारी प्रुफं पिशवीत घालून कुहीला गेलो. बांध्यांमधून हिरवंगार धान, चिखलाचा वास. कौसल्याबाई ओसरीत बसून शेंगा सोलत होती. केस पांढरे झालेले. मला पाहून उठली, चहा ठेवला, घरच्यांची चौकशी केली. मी चहा घेतला आणि एकदम विचारलं, “बाई, कापड कोणी कापलं होतं?” तिनं सोललेली शेंग टोपलीत टाकली. म्हणाली, “मी.” आणि मग सोलता सोलताच सांगितलं, जणू दुसऱ्या कोणाच्या घरचं सांगते आहे. “बाबाले बारीक दिसेनासं झालं होतं, तुले माहीत आहे. लुगडं लग्नसराईच्या आत द्यायचं होतं. बाबा म्हणे, उद्यापासून ईश्वर बसन मागावर. तुह्या परीक्षेले वीस दिवस राहिले होते. एकदा तू खड्ड्यात पाय टाकला असता तं बाहेर निघाला नसता गा. मले माहीत होतं. म्या पाहिले होते पोरं गल्लीतले. बाबा सूत आणाले गेले आन् म्या विळा घेतला. फणीमागून कापलं. पुन्हा भरायले महिना लागन, तोवर तुही परीक्षा होऊन जाईन, असं म्हटलं.” मी विचारलं, “आणि बाबा?” ती म्हणाली, “बाबा आले. पाह्यलं. माह्या हातात विळा होता. तेवढ्यात लोक जमले. तं बाबानं माह्या हातचा विळा घेतला आन् म्हणे, मीच कापलं. पोरीनं मागावरचं कापलं असं झालं असतं तं मले कोणी केली असती का? पुढच्या वैशाखात माहं लगीन झालं. बाबानं शेवटपर्यंत कोणाले सांगितलं नाही. मायलेही नाही.”

मी मॅट्रिक झालो, कारकून झालो, लेखक झालो. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलो नाही. ज्या विळ्यानं माझा मार्ग मोकळा केला तो विळा मी बापाच्या हातात देऊन त्याची कथा केली, आणि ज्या मुलीनं तो चालवला तिला मुकी ठरवली. “बाई, तू मला तोंडावर काहून नाही सांगितलं?” मी विचारलं. तिला खरंच नवल वाटलं. म्हणाली, “तूच तं म्हणत होता ना, ज्याले जे वाटन ते डावीकडं लिवा म्हणून. मले वाटलं, असंच सांगतात लेखक लोकं एकमेकायले. म्हणून लिवलं. मंग त्या आनंदरावनं विचारलं तं सगळं लिवून काढलं. दोन दिवस लागले मले. मंग तुही लाल ओळ वाचली.” एक शेंग सोलून म्हणाली, “मंग पुसलं. तुमच्या वहीत घाण नको.” मी तिथे रडलो. ओसरीत, शेंगांच्या सालपटांत, चाळीस वर्षांचा बाप्या. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी पिशवीतून प्रुफं काढून दाखवली. तिनं कागद हात पुसून घेतले, आपलं बोट ओळीवरून फिरवत सावकाश पहिलं पान वाचलं. मग म्हणाली, “छापून येऊ दे. एवढी मेहनत केली तुनं. एकच कर गा. बाबाचं नाव बदलव. धोंडबा नको. दुसरं कोणतंही घाल.” मी तिचे पाय धरून शपथ घेतली. तिच्या पायांची शपथ.

घरी येऊन प्रुफांवर बसलो. नाव एकतीस वेळा होतं. पहिल्या ठिकाणी काट मारून वर ‘कवडू’ लिहिलं. वाचून पाहिलं. ‘कवडू खड्ड्याच्या काठावर बसून राहिला.’ काहीच झालं नाही. कोणीतरी कवडू बसला होता, बसू दे. ‘गणपत’ लिहून पाहिलं. तो तर सरळ उठून जाईल असं वाटलं. मग मी स्वतःशी वाद घालू लागलो, आणि वादात मी कधी हरत नाही. म्हटलं, कथा म्हणजे काही साक्ष नाही. म्हटलं, धोंडबा नावाचे हजार कोष्टी असतील, कोण ओळखणार. म्हटलं, बाप असता तर त्यानंही म्हटलं असतं, मीच कापलं; त्याचीच इच्छा आहे ही. हे शेवटचं मला फार पटलं. फारच सुंदर होतं. पुष्पलता जेवायला बोलावून गेली, ताट निवलं. मी खोडलेल्या नावाखाली ठिपके दिले, म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला कळावं की हे खोडलेलं तसंच ठेवा. एकतीसच्या एकतीस धोंडबा जागच्या जागी ठेवून पाकीट बंद केलं आणि सकाळी स्वतः जाऊन पोस्टात टाकलं. आणखी एक दिवस घरात राहिलं असतं तर विचार बदलला असता, असं आता वाटतं.

अंक निघाला. पत्रं आली, आजवर कधी आली नव्हती इतकी. सांगलीच्या एका प्राध्यापकानं लिहिलं, असा बाप डोळ्यांपुढून हलत नाही. कोण्या बाईनं लिहिलं, या धोंडबाला माफी नाही. तांडापेठेतून आमच्या गल्लीतले बाबनराव आले, वय सत्तरीच्या पुढे, नातवाकडून कथा वाचून घेतलेली. माझा हात हातात घेऊन म्हणाले, “बरोबर लिवलं पोरा. येडाच होता तो. आम्ही तवाच म्हणत होतो.” मी त्यांना चहा पाजला. जे गल्लीत चारचौघांच्या तोंडी होतं ते आता महाराष्ट्रभर छापून झालं, आणि छापलेल्या अंकाला डावं पान नसतं. दोन्ही बाजूंनी माझंच.

कुहीला अंक पाठवायला मी पंधरा दिवस टाळाटाळ केली. शेवटी पुष्पलतेनंच बांधून पाठवला, मला न विचारता. तिला यातलं काही माहीत नव्हतं, आजही नाही. मग रोज पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की मी आतल्या खोलीत जाऊन बसायचो. मला वाटे ती शिव्या घालील, निदान अंक फाडून परत पाठवील, आणि तसं केलं तर बरं होईल, कारण मग मला तिच्यावर रागावता येईल. महिन्यानं कार्ड आलं. ते पुष्पलतेच्या हाती पडलं. तिनं दारातच उभं राहून मोठ्यानं वाचलं, एकेक सुटं अक्षर लावत, तीनच वाक्यं होती.

‘अंक पोचला. दोन दिवस लावून सगळी वाचली. कथा समजली.’

“बघा,” पुष्पलता म्हणाली, “बाईले समजली तुमची कथा. उगाच भेत होते तुम्ही.”